बेलाचं तिसरं दळ

माझी लेक शारदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ हाती लागलं नाही. आधी ती नुसती रडत होती, मग एकाएकी गप्प झाली. पुढ्यातली भाकरी तशीच वाळून जायची. अशा वेळी आईनं लेकीला पोटाशी धरावं. पण तिचा चेहरा पाहिला की माझा राग उसळायचा. "किती दिवस अशी पडून राहशील? ऊठ की!" असं मी ओरडायचे, आणि माझा आवाज मलाच परका वाटायचा. आमच्या ग्रामदैवताला, सिद्धरामेश्वराला रोज हात जोडत होते, पण त्याच्याशी आतून बोलणं बंद पडलं होतं. ही पोरगी अशीच विझत जाईल आणि मी ओरडत बसेन, असं वाटायचं.

श्रावणातला सोमवार आला. मालक गिरणीतून आले ते दारातच म्हणाले, "जा, अडुसष्ट लिंगांना जाऊन ये. मायलेकी एकमेकींची नजर चुकवताय, घरात दोन मांजरं पाळल्यागत झालंय. मी बसतो पोरीजवळ." आमच्या सोलापुरात ही लिंगं गावभर पसरलेली आहेत. श्रावणात बायका बेल घेऊन ती फिरतात. मीही निघाले. लिंगामागून लिंग झालं, बेल वाहत गेले, पण मन जागचं हललं नाही.

एका लिंगापाशी बेल वाहायला हात पुढं केला, तोच शेजारची म्हातारी म्हणाली, "थांब तंगी. दोनच दळं हायत की ह्याला! देवाला लंगडा बेल घालतीस व्हय?" इरकली लुगडं, कपाळभर विभूती, बोलणं निम्मं कानडी. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला कुणी धाकटं म्हणून किती वर्षं झाली होती. मला रडूच कोसळलं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या ओटीतलं अख्खं पान माझ्या हातावर ठेवलं.

"पयल्या दळाला सांग, काय हुतंय."

"राग येतो."

"दुसऱ्याला सांग, अंगात कुटं बसलाय."

माझा हात आपोआप पोटावर गेला. तिथं गोळा होता, थंडगार.

"आता तिसऱ्याला सांग, त्याला काय पायजे. सावकाश. वळसंगची मोटार सांजच्याला हाय माजी."

मी तिसरं दळ चिमटीत धरलं. मग तोंडातून निघालं, "माझी शारदा जगायला पाहिजे."

म्हातारी हसली. "मग ह्यो राग न्हवं, भ्या हाय. पयल्या दळाला खोटं नाव सांगितलंस की. पुन्यांदा सुरू कर."

मी पुन्हा सुरू केलं. भीती म्हटल्याबरोबर पोटातला गोळा सैल झाला. "आता पालथा वाहा आनि हात काढून घे," ती म्हणाली. "वाहिलेला बेल कुनी माघारी उचलतं व्हय?"

घरी आले ती थेट शारदाजवळ बसले. तिच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं आणि तेच विचारलं. पहिल्या दळावरून तिनं नुसतं बोट फिरवलं. दुसऱ्याला तिनं छातीवर हात ठेवला. "दूध भरून येतंय गं आई. लई ठणकतंय. कुनाला सांगू?" मी तिची आई, इतके दिवस एका घरात, आणि एवढंही विचारलं नव्हतं. शेकायला पाणी तापवलं, फडकं बांधलं. तिसऱ्या दळापाशी ती म्हणाली, "तू जवळ बस." मी बसले. दोघी रडलो. दिवेलागणीला तिनं माझ्या ताटातली चतकोर भाकरी खाल्ली.

त्या म्हातारीचं नाव मी विचारलं नाही. तिला देवानं धाडलं की ती आपली मोटारीची वेळ होईपर्यंत बसली होती, मला ठाऊक नाही. मी दोन्हीला हात जोडते. अजून मन उसळलं की मी बेलाचं पान तळहातावर घेते. पहिलं नाव बहुतेक वेळा खोटंच निघतं, मग पुन्हा सुरू करते. खरं काय ते सांगणं एवढंच माझं काम, पुढचं सिद्धरामाचं.

शारदा सासरी परत निघाली तेव्हा तिची ओटी भरली. तांदळांवर एक बेलाचं पान ठेवलं. तिनं ते उचललं, दळं नीट आहेत का पाहिलं, आणि माझ्याकडं बघून हसली.