तोंडावरचा दुपट्टा

मारेगावच्या एसटीत एक कंडक्टर होता. उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा खाली घेतल्याशिवाय तो कोणाला तिकीटच देत नसे. बायका चिडायच्या. मीही एकदा वैतागून म्हटलं, "काहून जी, तोंड पाहूनच तिकीट देता का?"

"हो ताई," मशीनवर बोट ठेवून तो म्हणाला. "मले डोक्याची बिमारी हाये. गोळ्या चालू हायेत, पण कोणी बोललं नसलं तरी आवाज येतात. म्हणून ज्याचं तोंड हालते, त्याचंच तिकीट फाडतो. बारा वर्सांत चुकलो नाही."

पुढच्या थांब्यावरून गाडी निघताना त्याचा हात घंटीच्या दोरीवर अडला. त्यानं वाकून मला हळूच विचारलं, "थांबा म्हटलं का कोणी?"

मी मागं वळून सगळी गाडी पाहिली. मग दुपट्टा परत खाली घेतला.

"कोणीच नाही."

त्यानं डबल बेल दिली.