मोरीवरचं सफरचंद

माझ्या मावशीच्या यजमानांनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले, तेवढे सातारा-विटा रस्त्यावर एस.टी.नेसुद्धा दिलेले नाहीत. एस.टी.चे धक्के निदान विट्याच्या स्टँडवर संपतात. काकांचे तिथून सुरू व्हायचे. काका मूळचे विट्याचे आणि धंदा गलाईचा, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करण्याचा. तरुणपणी जे हिमाचलात जाऊन दुकान मांडून बसले, ते नव्वद सालच्या सुमाराला दुकान मुलाच्या हवाली करून परत आले. येताना बरोबर काय आणावं माणसानं? लोक शाली आणतात, अक्रोड आणतात. काकांनी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली सफरचंदाची कलमं आणली आणि सफरचंदांची एक पेटी. मी स्टँडवर उतरवून घ्यायला गेलो होतो. वर ऊन मी म्हणत होतं आणि काकांच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. मी टोपीकडे बघतोय हे पाहून म्हणाले, "काय बगतोस? डोकं थंडीत ऱ्हायलंय, त्याला एकदम कसं उगडं करायचं?"

सोनं पारखता पारखता काकांना सगळ्या जगाचीच पारख करायची खोड लागली होती. माणूस समोर आला की त्याचा कस कॅरेटमध्ये ठरवायचा आणि तो त्याच्या तोंडावर सांगून टाकायचा. चहाचा घोट घेऊन "बारा" म्हणायचे, की मावशी मुकाट्यानं साखर वाढवायची. गावच्या पुढाऱ्याला भर सभेत "नुसता मुलामा" म्हणाले होते. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे खाता खाता हिच्याकडे एकवार बघून मोठ्यानं म्हणाले, "सोळा. घ्या, भट्टीला घालाय नको." माझ्या आईच्या हातातली बशी खाली पडायची बाकी राहिली. पुढे लग्न झालं, आणि काकांनी माझे स्वतःचे दोन कॅरेट कमी केले, ते कधी परत दिले नाहीत. आमच्या सगळ्या गणगोतात सर्वांत वरचा दर मावशीचा, आणि तो होता अठरा. चाळीस-एक वर्षांच्या संसारानंतर अठरा! मावशी अधूनमधून विचारायची, "आवं, आता तरी वाढलं का काय?" काका टोपी सारखी करत म्हणायचे, "अठरा म्हंजी लय झालं. त्येच्या वर अजून कुणाला दिल्यालं न्हाई."

तर ती कलमं. विट्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे सफरचंद लावणारा माणूस वेडा ठरतो हे काकांना कुणीही सांगून पाहिलं नाही, कारण सांगणाऱ्याला आठ-दहा कॅरेटवर समाधान मानावं लागलं असतं. सफरचंदाला थंडी हवी म्हणून काका हिवाळ्यात कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणायचे आणि भुसा घालून खोडाभोवती रचायचे. गल्लीतली बायामाणसं लग्नाचं सरबत आहे असं समजून विचारायला यायची. एका डिसेंबरात मी गेलो तर काका शिडीवर चढून एकेक पान हातानं खुडत होते आणि खाली मावशी पदर तोंडाला लावून उभी. "चांगलं हिरवंगार झाड, आन् ह्येंनी बोडकं केलं," ती मला म्हणाली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काका वरून ओरडले, "त्याला वाटाय पायजे थंडी पडली म्हणून! पान गळल्याबिगर त्ये झोपत न्हाई, आन् झोपल्याबिगर फुलत न्हाई." झाडं मात्र जी झोपली ती उठलीच नाहीत. एकेक करून सगळी वाळली. शेवटच्या झाडाचं खोड काकांनी स्वतः उपटलं, आणि त्यानंतर बरेच दिवस चहालासुद्धा दर दिला नाही.

मग काही वर्षांनी एका फेब्रुवारीत मी सहज गेलो होतो. काका सोप्यात पेपर वाचत होते. परसातून मावशीनं हाक मारली, "आवं, जरा बगा हिकडं. म्हशीच्या झाडाला फुलं आल्यात."

मागे भांडी घासायची मोरी होती. तिचं पाणी जिथं जाऊन मुरायचं तिथं अळू, कर्दळ आणि एक वेडंवाकडं झाड आपलंआपण वाढलेलं होतं. म्हैस त्याला बांधायची, फडकी त्याच्यावर वाळत घालायची, यापलीकडे त्याची कुणी दखल घेतली नव्हती. त्या झाडावर पांढरी, कडेला गुलाबी झाक असलेली फुलं आली होती. काका जवळ गेले. एक फूल बघितलं, पान उलटं करून बघितलं, आणि भांडी घासायच्या दगडावर मटकन बसले. मला वाटलं, चक्कर आली.

"ह्ये हितं कसं आलं?" त्यांनी विचारलं.

मावशीनं आठवून सांगितलं, "तुमी सफरचंदाची पेटी आणलीवती न्हवं का, त्यातली नासकी मी मोरीत टाकलीवती."

काकांनी मोरीतला ओला गाळ बोटानं उकरून बघितला. गलाईवाल्यांचा एक धंदा असा, की सोनारांच्या दुकानातला केर आणि मोरीतला गाळसुद्धा ते विकत घेतात, धुतात आणि त्यातून कणभर सोनं काढतात. काकांनी जन्मभर तेच केलं होतं. शेवटी ते म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याच्या मोरीतला गाळ धुतला मी. आन् आपल्या मोरीकडं कवा बगितलं न्हाई. वर त्याला म्हैस बांदली!"

"मग आता मला किती?" मावशीनं संधी साधली.

"अठरा."

"झाडासकट?"

"झाडाचं झाडाला," काका म्हणाले, पण म्हशीचं दावं त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलं.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. हे झाड नवीन आहे, याची कुणीतरी जाणत्यानं रीतसर नोंद करायची आणि याला नाव मिळायचं. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "दुसऱ्याचं सोनं आटवण्यात जल्म गेला गड्या. माझ्या हातनं पेठेत एवढा माल गेला, पण आपल्या घरची म्हणून एक वस्तू जगात न्हाई. एवढं एक व्हऊ दे." सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर माझ्या ओळखीचे होते, त्यांना मी घेऊन आलो. सर भला माणूस. झाड बघून तेही चकित झाले. बर्फ नाही, परागासाठी जोडीला दुसरं झाड नाही आणि तरी फळ धरलंय, हे त्यांना नवलाचं वाटलं. त्यांनी बजावून सांगितलं, "फळं झाडावर पुरती पिकू द्या. हात लावू नका. मग रंग, आकार, गर, बिया सगळं बघून मी वर्णन लिहितो."

जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो. झाडावर फळं होती, आणि प्रत्येक फळाला एक खाच होती. सुरीनं काढलेली, नेटकी, आणि आता काळी पडलेली. मुंग्या लागलेल्या. एकही फळ सुटलं नव्हतं. सर एकेक फळ फिरवून खाच बघू लागले. काका शांतपणे म्हणाले, "एका लगडीवरनं दुसऱ्या लगडीची खात्री द्यायची न्हाई, ही आमच्या धंद्याची रीत. परत्येकाची कोर काडून तपासावी लागती." मी कपाळावर हात मारून घेतला. मावशी तर चुलीपुढे बसून पोट धरून हसत होती, "सोनं न्हवं ते, नासतंय की वो!" सर म्हणाले, आता पुढच्या वर्षी. काकांचा चेहरा एवढासा झाला.

पावसाळा सरता सरता मावशी गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. माझ्या आईपेक्षा तिनं माझे जास्त लाड केले होते, आणि तिच्याशिवायचं ते घर बघवेना म्हणून मी काही महिने तिकडे फिरकलोच नाही. काकांना मुलानं हिमाचलात यायला सांगितलं. काकांनी एवढंच कळवलं, की मोरीला पाणी घालायला कुणी नाही, येता येणार नाही.

जानेवारीत मी धीर करून गेलो. दारातच शेजारच्या वहिनींनी अडवलं. "तुमच्या काकांना सांगा की काय तरी. रोज सकाळी दारात येत्यात आन् खरकटी भांडी मागत्यात. आवं, बाप्या माणूस, ह्या वयात, आमी कसं द्यायचं? न्हाई म्हटलं तर तितंच हुबं ऱ्हात्यात." मी तसाच परसात गेलो. ज्या माणसानं आयुष्यात आपला पाण्याचा तांब्या कधी उचलून ठेवला नव्हता, तो लोकरीची टोपी घालून मोरीच्या दगडावर बसला होता आणि राखेनं कुणाची तरी कढई घासत होता. मला सगळ्यांत मोठा धक्का बसला तो तिथे.

"काका, पाणीच घालायचं तर बादली ओता ना," मी म्हणालो.

"त्याला ह्याच पाण्याची सवय हाय," ते मान वर न करता म्हणाले. "राखंचं, आमटीचं. आन् एकट्याची भांडी कितीशी व्हणार?"

त्या जूनमध्ये थोडीच फळं आली, पण सगळी अखंड. सरांनी हातात घेऊन एकेक बघितलं. फळ लहान, एका अंगाला दबलेलं, पिवळ्यावर तांबूस पट्टे, साल जाड, गर घट्ट. चाखून मात्र त्यांचा एक डोळा मिटला. चाचरत म्हणाले, "नवीन आहे, यात शंका नाही. पण बाजारात कोणी घेणार नाही. आंबट आहे." काका म्हणाले, "मग आंबट लिवा. हाय तसं लिवा."

"आणि नाव?" सरांनी विचारलं.

काकांनी टोपी काढली. मी प्रथमच त्यांचं उघडं डोकं बघत होतो. सबंध संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. "ऐकलंस का" यावरच सगळं निभावलं होतं. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो सांगंल."

"यशोदा," मी मावशीचं नाव सांगितलं.

सर गेल्यावर काकांनी उरलेल्या फळाची एक फोड मला दिली. डोळ्यांतून पाणी येईल इतकी आंबट. पण आज काकांनी दर सांगितला नाही, मलाच विचारलं, "किती?"

"चोवीस," मी लगेच म्हणालो.

काकांनी मान हलवली. "चोवीसचं सोनं मऊ असतंय गड्या, वाकतंय. ती कदी वाकली न्हाई." मग झाडाकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "बावीस."

एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते मोरीकडे वळले. वहिनींची भांडी घासायची राहिली होती.