नळाचं ताजं पाणी आणि माझा उजवा डोळा

आमच्या गावात नळाला पाणी येणं हा सण आहे, फक्त पंचांगात त्याची तिथी दिलेली नसते. तिकडं पैठणला धरण भरलं की त्याचे फोटो आम्ही कौतुकानं मोबाइलवर बघतो आणि इकडं ड्रमाच्या तळाशी तांब्या खरवडतो. अशा ठिकाणी राहून मला डॉक्टर म्हणाले, ‘‘पाण्यापासून लांब राहा.’’ मी म्हटलं, त्याची सोय गावानं आधीच केलेली आहे.

माझी बुबुळं समोरून टोकदार झालेली आहेत. डाव्यावर पांढरा डाग पडलाय, त्यातून फक्त उजेड कळतो. उरला उजवा. चष्म्यानं त्याचं काही भलं होत नाही, पण कडक लेन्स बसवली की जग जागेवर येतं. शहरात औरंगपुऱ्याला बसणाऱ्या त्या डॉक्टरांनी लेन्स हातात देण्याआधी मला चांगलंच फैलावर घेतलं. ‘‘हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे. लेन्स तळहातावर घेऊन सोल्युशननं चोळायची आणि सोल्युशननंच धुवायची. डबीत रोज नवं भरायचं, सकाळी ओतून द्यायचं, डबी पालथी घालून वाळवायची. नळाचं पाणी लेन्सला नको, डबीला नको. थुंकी लावणार असाल तर माझ्याकडं येऊच नका.’’ मग म्हणाले, ‘‘हा डोळा गेला तर बुबुळ बदलावं लागेल. ते दुकानात मिळत नाही.’’

आमच्या घरी पाण्याचं खातं सासूबाईंकडं. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी फरशीला, असा त्यांचा चोख कारभार. मी रोज सकाळी डबीतलं सोल्युशन ओतून दिलं की दारात उभ्या राहून त्या छातीवर हात ठेवायच्या.

‘‘एवढं नितळ पाणी फेकून देतीस व्हय गं?’’

‘‘ते पाणी नाही आत्याबाई, औषध आहे.’’

‘‘औषध हाय तर मग दोनदा वापर की.’’

मी हसून डबी पालथी घातली, आणि माझं मत बदललं अशी त्यांची समजूत झाली.

उन्हाळ्यात नळाची पाळी चुकली. रोज सगळी गल्ली नळाकडं डोळे लावून बसलेली. आणि एका पहाटे अचानक तो आला. मोटारी घरघरल्या, हंडे वाजले. नवरा कामासाठी परगावी होता. सून दमलीय म्हणून सासूबाईंनी मला उठवलं नाही, एकटीनंच सगळं भरलं. पहिला तांब्या देवाला, दुसरा तुळशीला आणि तिसरा मान माझ्या लेन्सच्या डबीला. कालचं ओतलं, आजचं भरलं, झाकण घट्ट लावलं. मी उठले, नियमाप्रमाणे साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि लेन्स डोळ्यात घातली. पाणी आणि सोल्युशन दिसायला अगदी सारखं असतं, ही निसर्गाची मोठीच कृपा.

संध्याकाळी डोळा चुरचुरायला लागला. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं.

‘‘असं कसं व्हईल? आज तर म्या तुझ्या डबीत नळाचं ताजं पाणी घातलं. कालचं शिळं टाकून दिलं.’’

त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला ओरडवेना. म्हणजे ओरडले, पण जरा वेळानं.

दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद. डॉक्टरांनी तपासला आणि त्या दिवशी दुकानाबिकानाचं काही बोलले नाहीत. पाण्यातले जंतू बुबुळात खोल गेले असतील तर अवघड आहे, एवढंच म्हणाले. मी फार घाबरले. लेन्स बंद, तासातासाला थेंब. पुढचे कित्येक दिवस मी भिंत धरून चालत होते. दाराची चौकट कोणती आणि सासू कोणती, हे कुणी बोलल्याशिवाय कळत नसे. थेंब त्याच घालायच्या, हात धुऊन, चारदा पुसून. एकदा त्या शेजारणीला सांगताना ऐकलं, ‘‘लेकरासाठी केलं अन् लेकराच्याच मुळावर आलं.’’ त्यानंतर माझ्या जिभेवर तयार असलेले बरेच टोमणे वाया गेले.

बुबुळ वाचलं. डॉक्टरांनी नवी लेन्स आणि नवी डबी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून घालायला सांगितली. सकाळी मी टेबलापाशी बसले. हात धुतले, पुसले, लेन्स बोटावर घेतली, आणि नेमका नळ आला. बाहेर एकच धांदल उडाली.

‘‘आत्याबाई, नळ!’’

त्या समोर खुर्चीत बसून होत्या. हललेल्या दिसल्या नाहीत.

‘‘येऊ दे. माझे हात वले व्हतील. आधी तू भिंग घाल.’’

‘‘पाणी जाईल ना.’’

‘‘जाऊ दे म्हनलं की.’’

लेन्स टेबलावर पडली. पुन्हा चोळली, पुन्हा धुतली. पुन्हा पडली. नितळ सोल्युशन भराभरा वाया जात होतं आणि सासूबाई चकार शब्द काढत नव्हत्या. शेवटी एकदाची बसली. आधी मला त्यांचं तोंड दिसलं, रडवेलं, आणि पदरात गुंडाळून ठेवलेले दोन्ही हात. मग त्यांच्या मागं आडवा पडलेला ड्रम दिसला, पार तळापर्यंत, कोरडा ठणठणीत.

बाहेर नळ केव्हाच गेला होता.