तेलानं उसवलेला सूट

माझी यशोदामावशी भीमेच्या काठी राहायची. सोलापूर शहराला नदीचं पाणी पुरवणारी एक मोठी विहीर तिच्या गावाला लागूनच होती आणि तिचे यजमान, आमचे कुंडलिककाका, त्या विहिरीवर पाणबुड्याचं काम करायचे. मी सोलापुरात, नव्या पेठेत राहून शाळेत शिकवणारी बाई. नळाला पाणी आलं की घागर लावायची, एवढंच मला ठाऊक. ते पाणी वाटेत कुठेतरी अडतं आणि कुणाला तरी बुडी मारून ते मोकळं करावं लागतं, हे मला मावशीमुळे कळलं.

काका कोळ्यांच्या घरातले. पोहायला कधी शिकले ते त्यांनाही आठवत नसे. बहात्तरच्या दुष्काळानंतर नदीला पाणी आलं ते गाळ आणि झाडझाडोरा घेऊन आलं. नदीतून विहिरीत पाणी जातं त्या तोंडावर एक लोखंडी जाळी होती. तिला चिंध्या, शेवाळ, बाभळीच्या फांद्या अडकायच्या आणि शहराचं पाणी निम्म्यावर यायचं. मग पंप बंद ठेवून कुणीतरी खाली उतरायचं. या कामाला अक्कलकोटहून सिद्धप्पा नावाचे गृहस्थ यायचे. ते नौदलात पाणबुडे होते, निवृत्त होऊन गावी आले होते. घरी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि दोन्ही भाषांत कमीच बोलायचे. त्यांनीच काकांना तोंडाला नळी लावून खाली श्वास कसा घ्यायचा, घाबरल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, ते सगळं शिकवलं.

पुढे सिद्धप्पांचा एका कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरायची बंदी केली. तेव्हा त्यांनी आपला काळा रबरी सूट काकांना देऊन टाकला. असा सूट त्या वेळी सोलापुरात विकत मिळण्यातला नव्हता. दोघांची अंगकाठी सारखी, त्यामुळे तो काकांना बेतून शिवल्यासारखा बसला. सिद्धप्पांनी देताना सांगितलं, "गोड्या पाण्यानं धुवायचा. सावलीत वाळवायचा. घडी घालायची न्हाय, टांगायचा." मावशीनं ते देवाच्या सोवळ्यासारखं पाळलं. माजघरातल्या खुंटीवर तो सूट माणसासारखा लोंबत असायचा आणि शेजारची पोरं बघायला यायची.

काका खाली असले की त्यांच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक मावशीच्या हातात असे. कामावर दुसरी माणसं होती, हवेचं यंत्र चालवायला संगप्पा होता, पण काका म्हणायचे, "दोरी हिच्याच हातात पायजे. मी खाली खोकलो तरी हिला कळतं." पाणीपुरवठ्याच्या साहेबांनीही ते मान्य केलं होतं. मावशीची रोजंदारीवर नोंद झाली. बाईमाणूस पाणबुड्याची दोरी धरतं म्हणून सुरुवातीला गावात थोडी चर्चा झाली, मग सगळ्यांना सवय झाली.

नदीकाठी संध्याकाळ-सकाळ चिलटं आणि डास इतके की माणूस उभा राहू शकत नसे. सूट घालायचा, नळी तपासायची, पंप बंद झाल्याचा निरोप यायची वाट बघायची, यात बराच वेळ जाई. तोवर काकांची मान, कान, मनगटं फुलून लाल व्हायची. उन्हाळ्यात तर काळ्या सुटात उभं राहून मान सोलून निघायची. मावशीचा धाकटा भाऊ, माझा मामा, फौजेत होता. तो सुटीवर आला तेव्हा डासांचं तेल घेऊन आला. उग्र वासाचं, पातळ, पाण्यासारखं. ते लावलं की एक चिलट अंगाला शिवत नसे. मावशीला फार आनंद झाला. कामाच्या दिवशी ती काकांची मान, पाठ, दंड त्या तेलानं चोळायची, ऊन असलं तर वरून खोबरेल लावायची आणि मग त्याच हातांनी सूट ओढून घालायला मदत करायची. तेलामुळे सूट सरकन् चढायचा, म्हणून काकाही खूष. मामाला तिनं पत्र धाडून आणखी बाटल्या मागवल्या.

एक पावसाळा गेला. सूट जरा सैल वाटायला लागला. मावशी म्हणाली, "तुमी वाळलाय." काका म्हणाले, "रबर जुनं झालं आसंल." मानेपाशी आणि काखेत तो हाताला चिकट लागायचा. मावशी तो जास्तच घासून धुवायला लागली. त्याच सुमाराला तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या बांगड्यांचा रंग उडाला, त्या एकमेकींना चिकटायला लागल्या. बाजारात खोटा माल मिळतो म्हणून तिनं बांगडीवाल्याला नावं ठेवली.

शहात्तर सालच्या संक्रांतीच्या आधीची थंडी. जाळीवर एक अख्खी बाभूळ येऊन बसली होती आणि शहरात दोन पेठांना पाणीच नव्हतं. काका सकाळी उतरले. फांद्या करवतीनं कापायच्या, एकेक मोकळी करून वर पाठवायची, असं काम. दर वेळी तासभर खाली राहून ते वर यायचे, गरम चहा प्यायचे आणि पुन्हा जायचे. त्या दिवशी काम संपत आलं होतं म्हणून ते जास्त वेळ राहिले.

मावशीनं मला पुढचं कितीदा तरी सांगितलंय. दोरीला मधूनमधून एक हिसका यायचा, म्हणजे ठीक आहे. तो येत होता, पण जोर कमी. मग नुसताच थरथरल्यासारखा. तिनं उलट हिसका दिला. उत्तर आलं नाही.

"संगप्पा, दोरी बोलंना झालीय," ती म्हणाली.

संगप्पा म्हणाला, "बुडबुडं तर येतायत की. हवा चालू हाय. काम करत आसंल."

"काम करणाऱ्याची दोरी अशी ऱ्हात न्हाय. वढायची."

दोघांनी ओढायला घेतली तर दोरी ताठ झाली आणि अडकली. बाभळीच्या फांदीखाली गुंतली होती. जोर लावला असता तर काका फांदीत आणखी आवळले गेले असते. मावशीनं दोरी सैल सोडली, हातात गुंडाळून काठाकाठानं वरच्या अंगाला धावत गेली आणि तिथून तिरकी ओढली. पहिल्यांदा नाही सुटली. दुसऱ्यांदा सुटली. मग संगप्पा आला, पंपावरची दोन माणसं आली आणि काका वर आले.

ते जिवंत होते, नळी दातात धरलेली होती, पण डोळे कुठेतरी लागलेले. ओठ निळे. बोलायला गेले तर जीभ जड. बोटं वळत नव्हती, म्हणून हिसका देता येत नव्हता. सूट काढताना दिसलं की काखेपासून कमरेपर्यंतची शिवण पार उसवली होती. मावशीनं त्यांना कोरडं केलं, दोन चादरींत गुंडाळलं, विटा तापवून पायाशी ठेवल्या आणि गूळ घातलेला चहा चमच्यानं पाजला. संध्याकाळपर्यंत ते थरथरत होते. दुसऱ्या दिवशी जीपमधून त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात आणलं आणि तिथून बरे होईपर्यंत आमच्या घरी. छातीत कफ झाला होता, पण डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ खाली राहिले असते तर काही खरं नव्हतं.

आमच्या घरी काका पडल्यापडल्या खुशीत होते. दाराशी बसून नळ आला की मला हाक मारायचे, "पोरी, बघ, आलं का पाणी?" बाभूळ दुसऱ्या माणसांनी काढली होती, पाणी सुरळीत झालं होतं. पण मावशीच्या डोक्यात सूट होता. उसवलेला सूट तिनं पोत्यात घालून बरोबर आणला होता. एक दिवस म्हणाली, "सिद्धप्पाअण्णांस्नी दावून येते. त्यांची वस्तू हाय. आपण खराब केली, तर तोंडावर सांगाया पायजे." मी तिच्याबरोबर गेले.

अक्कलकोटला मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिद्धप्पांचं नारळ-उदबत्तीचं छोटं दुकान होतं. त्यांच्या बायकोनं, नागम्मांनी, आम्हाला आत बसवून पाणी दिलं. सिद्धप्पांनी सूट जमिनीवर पसरला. शिवणीवर बोट फिरवलं, रबर ताणून सोडलं. ते ताणलं तसंच राहिलं, परत आखडलं नाही. मग त्यांनी मानेचा भाग नाकाशी नेला.

"हे तेल कसलं?"

"डासाचं," मावशी म्हणाली. "फौजेतलं. म्या लावत हुते. त्यांना लई चावायचं." मग आपण काय बोललो ते तिच्याच ध्यानात आलं असावं. तिनं मनगट पुढं केलं. "अण्णा, ह्या बांगड्या बी त्यानंच चिकाटल्या का?"

त्यांनी बांगड्या बघितल्या. मान हलवली. "हौद," ते कानडीत हो म्हणाले. "त्यानंच." मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. ते तेल अंगाला चालतं, पण प्लॅस्टिक मऊ करतं. रबराचं आणि शिवणीच्या आतल्या डिंकाचंही तसंच. खोबरेलही रबराला वाईट, पण ते हळूहळू काम करतं. आणि सूट पाणी अडवत नाही, थोडं आत येऊ देतो. ते अंगाच्या उबेनं तापतं आणि तेच माणसाला गरम ठेवतं. सूट ढिला झाला की आतलं पाणी एका जागी थांबत नाही, गार पाणी शिरत राहतं आणि ऊब धुऊन नेतं.

मावशीनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे म्याच त्यांना मारलं असतं."

सिद्धप्पांनी सूट बाजूला सारला. मग म्हणाले, "तंगी, इकडं बघ." कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, त्यांनी तिला तशी हाक पहिल्यांदाच मारली. "मी पंचवीस वर्षं पाण्यात गेलो. चिलटं मला बी खायची. मला तेल लावणारं कुणी न्हवतं, म्हणून माझा सूट टिकला. कुंडलिकला तू हायस. सूट देताना मी धुवायचं सांगितलं, वाळवायचं सांगितलं, तेलाचं सांगायला विसरलो. ते माझं काम होतं." आणि नागम्माकडे वळून, "जेवायला वाढ. उपाशी आल्यात."

जेवणानंतर त्यांनी ट्रंकेतून जुन्या सुटाचा एक टोपीचा तुकडा काढला, सायकलच्या दुकानातून सोल्यूशन आणवलं आणि काखेपासून कमरेपर्यंत रबराच्या पट्ट्या बसवल्या. खराब झालेला मानेचा भाग कापून टाकला. वरून मावशीनं नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलं. तिचा टाका बारीक, सिद्धप्पांना तो आवडला. ते एकदाच म्हणाले, "हितं जरा जवळ घे," आणि तिनं घेतला. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो.

काका कामावर रुजू झाले तेव्हा मावशी म्हणाली, "आता दोरी संगप्पाच्या हातात द्या. माझा माझ्यावर भरवसा न्हाय."

काका म्हणाले, "तेल तू लावलंस, ते चिलटं चावत्यात म्हणून. दोरी तिरकी वढली ती बी तूच. संगप्पानं सरळ वढली असती. मग मी हितं असतो का?"

"तरी बी."

"तू धरणार नसशील तर मी उतरणार न्हाय. साहेबांना तसं सांगतो." आणि खरंच ते काठावर मांडी घालून बसले. पंप बंद, माणसं ताटकळत उभी. मावशी थोडा वेळ इकडेतिकडे करत राहिली, मग पुढं होऊन तिनं दोरी उचलली.

त्यानंतर तिची सगळी तऱ्हाच बदलली. काठावर चार बांबू रोवून तिनं जुन्या चादरींची सावली केली. काकांसाठी पांढऱ्या मांजरपाटाचा लांब हाताचा सदरा शिवला. सुटाच्या आधी तो घालायचा, डोक्याला ओलं फडकं. चिलटांसाठी कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर. सुटाला हात लावण्याआधी ती साबणानं हात धुवायची आणि संगप्पालाही धुवायला लावायची. तेलाची बाटली तिनं फेकली नाही. काका वर आले, सूट धुऊन टांगला, अंग पुसून झालं, की मग ती त्यांच्या मानेला तेल लावायची. सूट पुढे आणखी दोन हिवाळे चालला, मग साहेबांच्या कचेरीतून नवा आला.

दर दिवाळीत भाऊबीजेला मावशी अक्कलकोटला जाऊन सिद्धप्पांना ओवाळायची. ते ओवाळणीला दरवेळी काचेच्याच बांगड्या द्यायचे. एका वर्षी नागम्माला बरं नव्हतं, म्हणून मावशी चार दिवस तिकडे राहिली, स्वयंपाक केला, दुकानावर बसली. गिऱ्हाइकांशी तिनं मोडक्यातोडक्या कानडीत बोलून दाखवलं ते सिद्धप्पांनी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. काका खाली होते, मावशी चादरीच्या सावलीत दोरी धरून बसली होती. मी तिला विचारलं, त्या दिवसाची भीती अजून वाटते का.

"वाटती की," ती म्हणाली. दोरीकडे बघतच बोलत होती. "पर त्या दिशी अण्णांनी एक शब्द वाकडा बोलला असता, तर मी परत पाण्याकडं आले नसते. यांनी बी घरात बसवली असती तर बसले असते. दोघांनी तसं केलं न्हाय. मी रोज सकाळी देवाला हात जोडते, तवा ह्या दोघांची नावं घेते. संगप्पाचं बी घेते. त्यानं माझ्याबरुबर दोरी वढली, वाद घालीत बसला न्हाय."

दोरीला हिसका आला. तिनं उत्तर दिलं आणि मला म्हणाली, "चहा टाक जा. वर येतील आता."