एक रेघ खोल, एक उथळ

गाड्यांचे पार्ट तुटले की ते का तुटले हे शोधून काढणं, हे गेली सोळा वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे. मिशिगनमध्ये, नोव्हायला. तुटलेला बोल्ट माझ्या टेबलावर येतो, मी तो कापते, मायक्रोस्कोपखाली बघते आणि रिपोर्ट लिहिते. रिपोर्टमध्ये ‘मूळ कारण’ असा एक रकाना असतो. तो रिकामा सोडून मी कधी फाईल बंद केलेली नाही. शिवाय मी नागपूरच्या बौद्ध घरातली. भूतखेत, अंगारे-धुपारे यांना आमच्याकडे उंबऱ्याच्या आत प्रवेशच नव्हता. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचे आणि खाली खवचट कॉमेंट टाकायचे... जुन्या मेंबर्सना आठवत असेल. आज माझी पाळी आहे. टाका कॉमेंट्स.

आमचं घर सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, अगदी टोकाला. मागच्या कुंपणापलीकडे रॉनकाकांची चाळीस एकर जमीन आहे — थोडं मक्याचं शेत, थोडी झाडी आणि शेवटी दलदल. रॉनकाका पंचाहत्तरीचे, एकटे राहणारे. त्यांना काका म्हणायची सवय आमच्या घरात कधी लागली कोण जाणे, पण त्यांनाही आता ते आवडतं. चाळीस वर्षं ते हिवाळ्यात कोयोटी पकडायचे. कोयोटी म्हणजे कोल्ह्याचाच भाऊबंद. कातडी विकायची, कोंबड्याही वाचायच्या.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये बाबा नागपूरहून आले. बाबा रिटायर्ड फिटर, आयुष्यभर भट्टी, ऐरण आणि कानस. इथे त्यांना करायला काहीच नाही, तर आठ दिवसांत ते रॉनकाकांच्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या कोठारात सापडले. तिथे एक जुनी भट्टी होती. बाबांचं इंग्रजी यथातथाच, रॉनकाकांचं मराठी शून्य, आणि तरी दोघं तासन्‌तास काहीतरी ठोकत बसायचे. मला फार बरं वाटायचं.

बार्नच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने ड्रॅग टांगलेले होते. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो ना, तसाच दोन नख्यांचा लोखंडी आकडा. बाबांनी पहिल्या दिवशी तो गळच समजला होता. सापळा खुंटीने जमिनीत ठोकायचा नाही, तर साखळीने या आकड्याला बांधायचा. जनावराचा पाय सापळ्यात अडकला की ते पळतं, आकडा मागे फरफटत जातो आणि झुडपात रुततो. जनावर तिथेच आडोशाला थांबतं. सकाळी दोन नख्यांनी जमिनीवर ओढलेल्या दोन रेघा बघत बघत जायचं, की सापडलंच. मग एका गोळीत काम संपवायचं.

रॉनकाकांनी मोठ्या प्रेमाने बाबांना एक ड्रॅग घडवून मागितला. बाबा रोज सकाळी पंचशील म्हणणारे — पहिलंच शील प्राणिहत्या करणार नाही. मला वाटलं, नाही म्हणतील. पण मित्राला नाही कसं म्हणायचं? दोन दिवस टाळलं, मग करून दिला. रॉनकाकांनी खूश होऊन तो नोव्हेंबरमध्ये लगेच वापरायला काढला.

तिसऱ्या सकाळी सापळा जागेवर नव्हता. ड्रॅग नाही, साखळी नाही. आम्ही तिघं रेघांमागून निघालो. रेघा झाडीत गेल्या... आणि कुठेच न अडकता बाहेर आल्या. मक्याच्या खुंटांतून गेल्या, ओढा ओलांडला, आणि दलदलीच्या पाण्यात दिसेनाशा झाल्या. एक रेघ खोल होती. दुसरी उथळ, पसरट, बोटाने शेणात ओढावी तशी. बाबा त्या रेघेकडे बघत उभे राहिले आणि मला मराठीत म्हणाले, “एक नखी मीच बोथट केली पोरी. वाटलं, अडकणार नाही, जनावर सुटून जाईल.”

सुटून कुठे जाणार? सापळा पायातच होता. न अडकणारा ड्रॅग हा सगळ्यात क्रूर, हे रॉनकाकांनी त्याच वेळी, दलदलीकडे बघत, सांगितलं. आता ते जनावर आठवडाभर ते लोखंड ओढत फिरणार आणि उपाशी मरणार. मी हे बाबांना भाषांतर करून सांगितलं. बाबांचं वाक्य मात्र रॉनकाकांना सांगितलं नाही. माझ्या बापाला त्यांच्यासमोर लहान करायचं नव्हतं मला.

रॉनकाका पाच दिवस दलदल तुडवत होते. नाही सापडलं. त्यानंतर त्यांनी सगळे सापळे काढून आणले, ड्रॅग खिळ्यांना टांगले आणि पुन्हा कधी लावले नाहीत. बाबा डिसेंबरमध्ये परत गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न एकच — “सापडला का तो ड्रॅग?” जेवणखाण, तब्येत, सगळं नंतर.

आता मूळ गोष्ट. त्यानंतर चौदा महिन्यांनी, जानेवारीतला मंगळवार. मी वर्क फ्रॉम होम होते. सकाळी साडेआठपासून अकरापर्यंत बर्फ पडला, चांगला चार इंच, मग लख्ख ऊन. बाराच्या सुमारास चहा करताना खिडकीतून दिसलं, रॉनकाकांच्या बार्नचं दार उघडं आहे. ते दार कधी उघडं नसतं. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मग बूट चढवले आणि गेले.

ट्रक उभा होता. घरात कोणी नाही. बार्नच्या कोपऱ्यात बंदूक असते, ती नव्हती. अंगणात बुटांचा एकही ठसा नाही, म्हणजे ते बर्फाच्या आधी बाहेर पडले होते आणि सगळे ठसे बुजले होते. चाळीस एकरात कुठे शोधू? हाका मारत मी बार्नच्या मागे गेले... आणि तिथे बर्फावर दोन रेघा होत्या.

एक खोल. एक उथळ.

 रेघा ताज्या होत्या, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. बर्फ थांबून जेमतेम तास झाला होता. मी खाली बसून बघितलं — पावलांचा ठसा नाही. चार पायांचा नाही, तीन पायांचा नाही, कसलाच नाही. दोन रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरा बर्फ. सवयीने मी बाजूला हातमोजा ठेवला आणि फोटो काढला. आम्ही लॅबमध्ये मापासाठी पट्टी ठेवतो, तसा. डोकं बंद पडलं तरी हात काम करतात.

मग मी त्या रेघांमागून चालत सुटले. का, ते विचारू नका. दुसरीकडे जायला काही खूणच नव्हती. रेघा झाडीतून गेल्या, न अडकता. मक्याच्या शेतातून गेल्या. दलदलीच्या काठाशी एक खोल चर आहे, तिथे उतरल्या. चराच्या तळाशी बर्फाचा एक उंचवटा दिसला. त्याला निळी बाही होती.

रॉनकाका जिवंत होते. पाय गुडघ्याखाली मोडलेला, ओठ काळेनिळे, डोळे अर्धवट उघडे. मी ९११ ला फोन केला, माझं जॅकेट त्यांच्यावर टाकलं आणि त्यांना छातीशी धरून बसले. नाव विचारत राहिले, कोंबड्यांची नावं विचारत राहिले, बाबांना सांगावं तसं त्यांनाही ‘झोपू नका हं’ असं चक्क मराठीत सांगत होते. आजूबाजूला बघितलं तर रेघा त्यांच्या हातापाशी संपल्या होत्या. तिथे चराचं पाणी गोठून काचेसारखं झालं होतं. बोटांनी वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारला. खाली, टणक बर्फात वीतभर खोल, साखळी दिसली. साखळीच्या टोकाला दोन नख्यांचा आकडा.

डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभराने आणलं असतं तर काही खरं नव्हतं.

दोन आठवड्यांनी, पायाच्या व्यायामासाठी त्यांना रिहॅबमध्ये ठेवलं होतं, तिथे मी भेटायला गेले आणि विचारलं, इतक्या सकाळी तिकडे कशाला गेला होतात? ते म्हणाले, आठ वाजता, बर्फ सुरू व्हायच्या आधी, खिडकीतून जुन्या गोठलेल्या बर्फावर रेघा दिसल्या. एक खोल, एक उथळ. चौदा महिने ते जनावर जगूच शकत नाही हे त्यांना माहीत होतं. तरी बंदूक घेतली आणि निघाले. आपल्यामुळे कोणी अजून हाल सोसत असेल तर ते संपवावेत, एवढंच डोक्यात होतं. चराच्या कडेला पाय घसरला.

म्हणजे रेघा दोनदा उमटल्या होत्या. एकदा बर्फाच्या आधी, त्यांच्यासाठी. आणि एकदा बर्फ थांबल्यावर.  मग मला राहवलं नाही, बोथट नखीचं सगळं सांगून टाकलं. बाबांच्या वतीने माफी मागितली, माझ्या वतीनेही.

रॉनकाकांनी माझा हात थोपटला. म्हणाले, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रेघ बघून कळतं. तुझ्या वडिलांनी ते का केलं, तेही कळलं. त्यांच्या तोंडावर बोलायचं कसं? म्हणून सापळेच बंद केले.”

मार्चअखेर चरातलं पाणी वितळलं. रॉनकाकांनी खिळ्यावरचा एक ड्रॅग काढून दिला, मी त्याला दोर बांधला आणि विहिरीतली बादली काढावी तसा तो दुसरा वर काढला. गंजून लाल झालेला, चिखल भरलेला. सापळा घट्ट मिटलेला. आत काही नाही — केस नाही, हाड नाही. घरी येऊन कॅलिपरने नख्यांमधलं अंतर मोजलं आणि फोटोतल्या रेघांशी ताडून बघितलं. जुळतं. हो, फोटो आहे. अशा गोष्टींत फोटो नेहमी कोरा निघतो ना? माझा नाही निघाला. हातमोजा आहे, रेघा आहेत, कोरा बर्फ आहे. तो ड्रॅग त्या वेळी वीतभर बर्फाखाली गोठलेला होता, हेही मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत, आणि आहेत.

त्या रविवारी बाबांनी विचारलं, सापडला का तो? मी ड्रॅग कॅमेऱ्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा काढला. बोथट नखी स्क्रीनवर जवळून बघितली. आपलंच काम, ओळखणारच.  

“सापळा रिकामा होता म्हणतेस,” बाबा म्हणाले. “मग ओढत कोण होतं?”

मी त्यांना माहीत नाही म्हणाले. सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. ड्रॅग आता माझ्या गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर आहे. बाबा दर रविवारी अजून विचारतात, फक्त प्रश्न बदललाय — “रेघा दिसल्या का गं?” मी नाही म्हणते. बर्फ पडला की चहाच्या आधी मी मागच्या खिडकीशी जाते. पलीकडे रॉनकाकाही काठी टेकून त्यांच्या खिडकीशी उभे असतात.