चाळिसाव्या दिवसाचे गहू

"ख्रोनिया पोला!" सुनीता हसून म्हणाली आणि समोरचा आवाज एकदम थांबला. मी लॅपटॉपच्या मागे बसलो होतो. इंटरव्ह्यूला शिक्षकाने कॅमेऱ्यात यायचं नाही, ही एजंटची अट. त्यामुळे स्क्रीनवर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ज्यांच्या घरी नोकरी होती त्या एलेनीबाईंची मुलगी ग्रीकमध्ये एवढंच म्हणाली, "आज नको." कॉल कट झाला.

मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. मालक ग्रीक, कॅप्टन ग्रीक. शिव्या खात खात भाषा शिकलो. रिटायर झाल्यावर नाशिकला क्लास काढला. ग्रीसला नोकरीला जाणारे माझ्याकडे येतात. सुनीता सायखेड्याची. हॉस्पिटलात आया होती. नवरा नाही, मुलगी दहावीला. अथेन्सच्या एलेनीबाईंना घरी राहून सांभाळणारी बाई हवी होती. कागद तयार होते, म्हणून सुनीताने राजीनामाही देऊन टाकला होता. उरला होता हा एक कॉल.

"काय दाखवलं त्यांनी?" मी विचारलं.

"ताट हो, सर. वर पिठीसाखर, चांदीच्या गोळ्या, मधी एक अक्षर. मला वाटलं नातवाचा बर्थडे हाय. तुम्हीच शिकवलं ना, सणाला, वाढदिवसाला ख्रोनिया पोला म्हणायचं. खूप वर्षं जगा."

"साखरेखाली गहू होते? उकडलेले?"

"हां, कडेनं दिसत होते. डाळिंबाचे दाणे पण. लय चुकलं का, सर?"

मी लॅपटॉप मिटला.

त्या ताटातल्या पदार्थाला कोलिवा म्हणतात. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये नेतात, प्रार्थनेनंतर सगळ्यांना वाटतात. मधलं अक्षर गेलेल्याच्या नावाचं. एलेनीबाईंचा नवरा गेला होता, म्हणून तर त्यांना सोबत हवी होती. एजंटने आम्हाला 'एकट्या असतात' एवढंच सांगितलेलं.

पण एजंटच्या नावाने खडे फोडून उपयोग नाही. आमच्या पुस्तकात मरणावर एक धडा आहे. तो मी तोवर दर बॅचला गाळत आलो होतो. लेकरं मागे ठेवून परदेशी निघालेल्या माणसांसमोर अभद्र कशाला बोलायचं? कॅप्टनची आई गेली तेव्हा जहाजावर मी स्वतः कोलिवा खाल्ला होता. तरी गाळला.

"मग काय म्हणायचं असतं?" सुनीताने विचारलं.

"झोई से सास. तुम्हाला आयुष्य लाभो."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी मेल करून माफी मागितली, चूक माझी आहे असं लिहिलं. उत्तर आलं नाही. चार दिवसांनी एजंटने दुसरी बाई ठरल्याचं कळवलं. सुनीता परत हॉस्पिटलात गेली, पण आता कंत्राटावर. क्लासला पुन्हा आली नाही. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती, मीही फोन केला नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. दहाव्याला रामकुंडावर लोक येऊन "धीर धरा" म्हणत होते. सगळ्यात शेवटी सुनीता आली. हात जोडून म्हणाली, "झोई से सास, सर." उच्चार स्वच्छ होता.

आता तो धडा मी पहिल्याच आठवड्यात घेतो. कोणी नाक मुरडलं तरी घेतो. एका बाईची नोकरी घालवल्यावर मला हे सुचलं.