आक्काची तंबाखू-खरेदी: बेळगाव ते बोरगाव

निपाणीला जायचं असेल तर बेळगावातून सकाळची पहिली मोटार धरा, आणि पांढरे कपडे घालू नका. मी गेलो ते लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत; धावत म्हणजे आपलं म्हणायचं. वंटमुरीच्या घाटात सगळ्यांनी उतरून आमची मोटार ढकलली. बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेचा मास्तर म्हणून मला काही सूट मिळाली नाही.

आक्काने बोलावलं होतं. माझी ही थोरली बहीण विधवा झाल्यावर सदलग्याच्या बाजारात टोपलीत तपकिरीच्या पुड्या घेऊन बसायची. पुढे निपाणीत तिने स्वतःचा कारखाना काढला. आठ बायका तिथे तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. माझं शिक्षणही त्या टोपलीवरच झालं. त्यामुळे "रजा टाक आन् ये" असा तिचा निरोप आला की मी कारण विचारत नसे.

निपाणीत भाकरी, खर्डा, दही असं पोटभर जेवून मी नि आक्का बैलगाडीने बोरगावला निघालो. (भाडं आधी ठरवा, गाडीवान फार गोड बोलतात.) वर्षाची तंबाखू घ्यायची होती. आक्काची रीत ठरलेली: पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर तंबाखू काढायची, एकदाच हुंगायची. त्यात चूक झाली तर वर्षभराची तपकीर बिघडणार आणि आठ बायका घरी बसणार.

खळ्यात शेतकरी आप्पांनी पहिलं पोतं उघडलं. आक्काने हुंगलं आणि मूठ माझ्यापुढे धरली. भिजल्या घोंगड्यासारखा कुबट वास! माझं नाक आपोआप मुरडलं.

"आप्पा," ती हसत म्हणाली, "आमचा मास्तर बघा कसं तोंड करतोय. तळ दावा जरा."

तळाला बुरशी निघाली. आप्पा पार ओशाळले. "दव लागलं असंल आक्का, मला ठावंच न्हाय बघा," म्हणत त्यांनी दुसरी पोती ओढली. प्रत्येक पोत्याला आक्का हुंगायची आणि माझं तोंड बघायची.

परतताना गाडीत ती हळूच म्हणाली, "तापातनं उठल्यापास्नं मला वासच येत न्हाय रं. भाकरी करपली तरी कळत न्हाय."

"मग आधी सांगायचंस की!"

"सांगितलं असतं तर तू इचार करत बसला असतास. तुझ्या तोंडावर काय लपत न्हाय, तेवढंच पायजे हुतं."

मला रडूच आलं. घेतलेल्या मालातली थोडी तंबाखू तिने पदराच्या गाठीत बांधली होती, ती माझ्या नाकाशी धरली. "सांग, कसा वास हाय?"

मी सांगत गेलो. उन्हाचा, गुळाचा, थोडा नव्या चपलेचा. ती डोळे मिटून ऐकत होती.

पुढे तिनेच कारखान्यात सगळं सांगून टाकलं आणि हुंगायचं काम हाताखालच्या गंगूला शिकवलं, म्हणून आज हे लिहायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. बायकोने कोट अंगणातच काढायला लावला. दमलो होतो, तरी आक्काला पत्र लिहायला बसलो; धंद्यापायी ती चाळिशीत वाचायला शिकली होती. आत लसणाची फोडणी पडली. त्या वासापासूनच पत्राला सुरुवात केली.